फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यावर नेमकं काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं

घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा एकच बरा फोटो असतो आणि तो चार फोनांतून फिरतो. कुणी तो उजळ करतं, कुणी कापून चौकोनी करतं, कुणी खाली नाव टाकतं. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो पोचतो तेव्हा गालांवर ठोकळे उमटलेले असतात, मागच्या आकाशात पट्टे पडलेले असतात आणि लाल अक्षरांच्या कडा मळकट झालेल्या असतात. यातला कुठलाही बदल एकटा पाहिला तर किरकोळ होता. प्रत्येकाने आधीच्याच्या बिघडलेल्या फाइलवर काम केलं, म्हणून नुकसान साठत गेलं.

आधी एक गैरसमज दूर करू. डिजिटल फोटोची नक्कल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. फाइल कॉपी केली, पेनड्राइव्हवर टाकली, ईमेलला जोडली, हजार वेळा उघडून बंद केली तरी तिच्यातला एकही बिट बदलत नाही. बिघाड होतो तो पिक्सेलचे आकडे नव्याने मोजून नव्याने लिहिले जातात तेव्हा.

जेपेग सेव्ह होताना

जेपेग (.jpg) या फाइलप्रकाराचं प्रमाण, म्हणजे तो कसा लिहायचा याचे ठरलेले नियम, १९९२ सालचं आहे आणि आजही बहुतेक फोटो त्यातच फिरतात. सेव्ह करताना प्रोग्रॅम आधी चित्राचे उजेड आणि रंग असे भाग वेगळे करतो. मग प्रत्येक भागाचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो. एका चौकोनातल्या ६४ पिक्सेलचं रूपांतर ६४ नव्या आकड्यांत होतं. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे आकडे क्रमाने अधिकाधिक बारीक चढउतार सांगतात. इथपर्यंत फारसं काही हरवत नाही.

खरी काटछाट पुढे होते. या प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. उजेडासाठी प्रमाणात दिलेल्या नमुना तक्त्यात डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला भाजक १६ आहे, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातला ९९. म्हणजे बारीक तपशिलाला मोठ्या आकड्याने भागलं जातं आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा शून्य येतं. केसांच्या बटा, साडीचं विणकाम, झाडाची पालवी सगळ्यात आधी जाते ती यामुळे. सेव्ह करताना तुम्ही क्वालिटीची जी पट्टी सरकवता, ती हेच भाजक लहान-मोठे करते.

एक आकडा घेऊन पाहू. मूळ किंमत ३७ आणि भाजक १६. भागाकार २.३१, तो झाला २. फाइल उघडताना २ × १६, म्हणजे ३२ परत मिळाले. पाचची चूक. आता हीच फाइल त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच क्वालिटीवर, काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केली तर ३२ ला १६ ने भागून बरोबर २ येतात. नवं नुकसान शून्य. पण दुसऱ्याने थोडी जास्त क्वालिटी निवडली आणि भाजक लहान होऊन १४ झाला, तर ३२ ला १४ ने भागून २.२९ येतात, त्याचे २ होतात आणि परत मिळतात २८. चूक आता नऊची. मूळ ३७ ला थेट १४ ने भागलं असतं तर ४२ मिळाले असते, चूक पाचचीच राहिली असती. अधल्यामधल्या सेव्हचा फटका असा बसतो. दुसऱ्या वेळी क्वालिटी थोडी जास्त होती, म्हणून फोटो वाचला असं होत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवायची. ६० क्वालिटीची फाइल ९५ वर सेव्ह केली तर ती आकाराने फुगते, गेलेला तपशील परत येत नाही. मोठ्या प्रयत्नाने फक्त आधीचे ठोकळे जपले जातात.

क्वालिटीचे आकडे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेऊ नका. फोटोशॉपच्या सेव्ह अ‍ॅजमध्ये पट्टी ० ते १२ आहे, गिंपमध्ये ० ते १००. दोन प्रोग्रॅममधला ८० हा आकडाही सारख्याच भाजकांचा असतो असं नाही.

स्वतः तपासून पाहा

हा प्रयोग अर्ध्या तासात होतो आणि एकदा केला की वरचा हिशोब डोळ्यांना दिसतो. गिंप मोफत आहे, त्यातच करू.

१. आकाश, झाडाची पानं आणि पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी असा कमी दाबलेला, म्हणजे जास्त क्वालिटीचा, फोटो घ्या. त्यातला ८०० × ८०० पिक्सेलचा तुकडा कापून पीएनजी (सेव्ह करताना काही न गमावणारा फाइलप्रकार) म्हणून ठेवा. हा मूळ.

२. मूळ तुकडा जेपेगमध्ये ७५ क्वालिटीवर एक्सपोर्ट करा. प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे रंग पूर्ण आकारात, ठेवा. फाइल बंद करा, ती जेपेगच उघडा, काहीही न करता त्याच आकड्यांवर पुन्हा एक्सपोर्ट करा. असं दहा वेळा.

३. दुसरी साखळी वेगळी सुरू करा. मूळ तुकडा तसाच ७५ वर एक्सपोर्ट करा. आता दर वेळी जेपेग उघडल्यावर क्रॉप टूलमध्ये पोझिशन १, १ ठेवून वरची एक ओळ आणि डावीकडचा एक स्तंभ काढून टाका, मग एक्सपोर्ट करा. असे दहा क्रॉप करा. शेवटी ७९० × ७९० चा तुकडा उरेल.

४. मूळ पीएनजी उघडा. त्यावर शेवटचा जेपेग ओपन अ‍ॅज लेयर्सने आणा. दुसऱ्या साखळीचा असेल तर तो लेयर (थर) दहा पिक्सेल उजवीकडे आणि दहा खाली सरकवा. लेयरचा मोड डिफरन्स करा. जिथे काळं दिसतं तिथे फरक नाही. दोन्ही लेयर एकत्र करून लेव्हल्समध्ये पांढरी खूण ३० वर आणा म्हणजे अंधुक फरकही उजळेल.

पहिल्या साखळीत जवळजवळ सगळं नुकसान पहिल्याच एक्सपोर्टला झालेलं आढळेल, नंतर चित्र काही फेऱ्यांत स्थिरावतं. दुसऱ्या साखळीत ते वाढत जातं, कारण एक पिक्सेल सरकला की ८ × ८ ची सगळी जाळी नव्या जागी पडते आणि प्रत्येक चौकोनात वेगळे आकडे येतात. कॉन्ट्रास्ट बदलणं, आकार लहान करणं, एक अंशाने सरळ करणं यांचा परिणाम असाच होतो. खऱ्या कामात माणूस बदल करण्यासाठीच फाइल उघडतो, त्यामुळे पहिल्या साखळीवर विसंबून ‘जेपेगने काही होत नाही’ म्हणणं चुकीचं आहे.

लाल अक्षरांच्या कडा का फाटतात

डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन जेपेग रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची करून साठवतं. याला ४:२:० म्हणतात. चार पिक्सेलना मिळून एकच रंग उरतो. माणसांच्या फोटोत हे सहसा खपून जातं. पिवळ्यावर लाल, निळ्यावर लाल अशा पत्रिकेच्या किंवा फलकाच्या अक्षरांत मात्र लाल रंग कडेबाहेर पसरतो, आणि दर फेरीला रंग आकसून पुन्हा ताणला जात असल्याने हा पसारा रुंदावतो. वरचा प्रयोग ४:२:० ठेवून पुन्हा केला तर पाटीवर हे सरळ दिसेल.

फोटोशॉपच्या सेव्ह अ‍ॅजमध्ये क्वालिटी ७ किंवा त्याहून जास्त ठेवली की रंग पूर्ण आकारात साठतो, ६ आणि त्याखाली निम्मा होतो. म्हणून ६ आणि ७ मधला फरक आकड्यापेक्षा बराच मोठा असतो. अक्षरं असलेलं काम शक्यतो जेपेगमध्ये ठेवूच नका. पीडीएफ द्या, नाहीतर पीएनजी.

पीएनजीत ठेवलं तरी सुटका नाही

पीएनजी, किंवा एलझेडडब्ल्यू अथवा झिप दाबणीचं टिफ, सेव्ह करताना काहीही गमावत नाही. (टिफ सेव्ह करताना दाबणीच्या यादीत जेपेग हाही पर्याय असतो, तो निवडला की सगळं मुसळ केरात.) पण सेव्ह शुद्ध असला तरी बदल स्वतः नुकसान करतो.

८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. उजेड निम्मा केला की १२८ पायऱ्या उरतात. चुकलं म्हणून पुढच्या दिवशी दुप्पट केला की पायऱ्या १२८ च राहतात, फक्त एकाआड एक पसरतात. हिस्टोग्राम (कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) कंगव्यासारखा दातेरी होतो आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागतात. टोकांना तर अधिक वाईट. प्रत्येक पिक्सेलमध्ये ४० मिळवले की २१५ ते २५५ मधल्या एकेचाळीस छटा सगळ्या २५५ होतात. नंतर ४० वजा केले की त्या सगळ्या २१५. पांढऱ्या धोतराच्या चुण्या, मोगऱ्याच्या गजऱ्यातल्या पाकळ्या गेल्या, आणि आता त्या जागी सपाट राखाडी आहे.

उपाय दोन. काम सुरू करताना चित्र १६ बिटमध्ये न्या: फोटोशॉपमध्ये इमेज, मोड, १६ बिट्स पर चॅनल, गिंपमध्ये इमेज, प्रिसिजन. मूळ फाइल ८ बिट जेपेग असली तरी हे करण्यात अर्थ आहे. त्याने नवी माहिती येत नाही, पण पुढच्या प्रत्येक बदलाची पूर्णांकात बसवण्याची चूक खूप लहान होते. दुसरा उपाय म्हणजे बदल पिक्सेलवर न करता अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर करणं. त्यातला कर्व्हज, म्हणजे उजेडाची वक्ररेषा, दहा वेळा हलवला तरी हिशोब दर वेळी मूळ पिक्सेलपासून होतो. गिंपमध्ये २०२५ साली आलेल्या ३.० पासून बहुतेक फिल्टरही असे लेयरवर ठेवून नंतर बदलता येतात.

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरवरचे कच्चे आकडे असलेली फाइल, घेण्याची सोय असेल तर घ्याच. रॉमध्ये सहसा १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी हे प्रोग्रॅम मूळ रॉला हातच लावत नाहीत. काय बदल करायचे याच्या सूचना ते वेगळ्या ठेवतात आणि चित्र फक्त एक्सपोर्टच्या वेळी घडवतात.

फोटोशॉपचा हिस्टोग्राम पाहताना कोपऱ्यात त्रिकोणी इशारा असेल तर त्यावर क्लिक करा. तो असेपर्यंत आलेख साठवलेल्या लहान प्रतिमेवरून काढलेला असतो आणि खरे दाते दाखवेलच असं नाही.

फिरवणं आणि लहान-मोठं करणं

दोन अंशांनी फिरवलं की नवा पिक्सेल जुन्या पिक्सेलांच्या बरोबर जागी पडत नाही. शेजारच्या चार किंवा सोळा पिक्सेलांची सरासरी घेऊन तो बनवला जातो, आणि सरासरी म्हणजे थोडा धूसरपणा आलाच. आधी दोन अंश, मग ‘जरा जास्त झालं’ म्हणून उलटा अर्धा अंश, मग पुन्हा पाव अंश, यात तीनदा सरासरी निघते. कंट्रोल-झेड दाबून मागे जा आणि दीड किंवा पावणेदोन, जो काही कोन हवा तो एकाच वेळी द्या. फिरवणं, तिरपी इमारत सरळ करणं आणि आकार बदलणं हे तिन्ही करायचं असेल तर ते एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये करून मगच एंटर मारा.

बॅनरच्या कामात हमखास घडणारा प्रकार: पाहुण्यांचा फोटो लेयर म्हणून आणला, बसत नाही म्हणून २० टक्के केला, एंटर मारला. संध्याकाळी फोन येतो की साहेबांचा चेहरा मोठा करा. साध्या लेयरमधले बाकीचे पिक्सेल तोवर कायमचे गेलेले असतात. आणल्या आणल्या लेयरवर उजवं क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग कितीही वेळा आकार बदलला तरी हिशोब आतल्या मूळ फोटोवरूनच होतो.

९० अंशांची गोष्ट निराळी. जेपेग ९० अंशांत फिरवणं, आरशासारखं उलटवणं आणि जाळीच्या रेषेवर कापणं हे चित्र न उलगडताच करता येतं. जेपेगट्रान हे साधन किंवा इरफानव्ह्यूमधलं लॉसलेस रोटेशन हेच करतं. अट एवढीच की रुंदी-उंची चौकोनात पूर्ण बसावी. ४:२:० मध्ये हा चौकोन १६ × १६ चा धरावा लागतो. ४०३२ × ३०२४ चा फोटो त्यात नेमका बसतो, २५२ × १८९. ४००० × ३००० चा बसत नाही, कारण ३००० ला १६ ने भागून १८७.५ येतात. अशा वेळी साधन शेवटच्या आठ ओळी कापायची परवानगी मागतं. कडेला महत्त्वाचं काही नसेल तर द्या. फक्त आडवा-उभा एवढंच बदलायचं असेल तर फाइलमधला ओरिएंटेशनचा टॅग बदलणं पुरतं. तो १ ते ८ पैकी एक आकडा असतो, पिक्सेलना कुणी शिवत नाही.

कामाचा क्रम

प्रत्येक फोटोच्या फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर करा: मूळ, काम, द्यायचे. कॅमेरा किंवा स्कॅनरमधून आलेली फाइल मूळमध्ये टाकून लगेच रीड-ओन्ली करा आणि दुसऱ्या डिस्कवर तिची एक प्रत ठेवा. कामामध्ये लेयरसह पीएसडी (फोटोशॉपची फाइल), एक्ससीएफ (गिंपची) किंवा १६ बिट टिफ. १६ बिट टिफला झिप दाबणी निवडा; एलझेडडब्ल्यूने अशी फाइल उलट मोठी होऊ शकते. द्यायचेमध्ये जेपेग. या जेपेगवर पुन्हा काम करायचं नाही. गिऱ्हाइकाने एक स्वल्पविराम बदलायला सांगितला तरी कामाची फाइल उघडून नवा जेपेग काढायचा.

बदल करताना आधी नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके-दाणे, कमी करा, कारण उजेड वाढवल्यावर नॉइजही वाढतो आणि मग तो काढताना कातडी मेणासारखी होते. मग उजेड आणि रंग. मग डाग, ओरखडे. मग एकदाच सरळ करणं आणि कापणं. शार्पन सगळ्यात शेवटी, अंतिम आकार झाल्यावर, आणि त्या आकारापुरतंच: स्क्रीनसाठी रेडियस ०.५ ते ०.८ पिक्सेल, ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) छपाईसाठी १ ते २. शार्पन केलेला फोटो पुन्हा लहान करून पुन्हा शार्पन केला की कडांभोवती पांढरी रेघ उभी राहते. जेपेगच्या ठोकळ्यांवर शार्पन केलं तर ठोकळ्यांच्या रेषाच ठसठशीत होतात.

जुना फोटो स्कॅन करत असाल तर किती मोठा छापायचाय हे आधी ठरवा. आहे त्याच आकारात छापायला ३०० पीपीआय पुरे, दुप्पट करायला ६००. ३५ × ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो १२०० वर स्कॅन केला की साधारण १६५४ × २१२६ पिक्सेल मिळतात. ८ इंच रुंदीच्या चौकटीत ते इंचाला दोनशेच्या थोडं वर पडतात आणि भिंतीवर चांगले दिसतात. स्कॅन टिफमध्ये साठवा.

छपाईचा रंग

आरजीबीतून (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाया), परत आरजीबी, परत सीएमवायके अशा फेऱ्या टाळा. पैठणीचा मोरपिशी, झेंडूचा भडक नारिंगी यांसारखे रंग सीएमवायकेच्या शाईत पूर्ण मावत नाहीत. रूपांतरात ते जवळच्या फिक्या रंगावर आणून ठेवले जातात आणि परत आरजीबी केल्यावर फिकेच राहतात. काम आरजीबीत करा, प्रेसकडून त्यांची प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे येतात हे सांगणारी फाइल) मागून घ्या आणि छपाईच्या प्रतीचं रूपांतर शेवटी एकदा करा. यासाठी कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरायचं. असाइन प्रोफाइल आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, म्हणून रंग एकदम उडी मारतात.

फ्लेक्स दुरून पाहतात, त्याला ३०० पीपीआय लागत नाही. ६ × ४ फुटांच्या फलकाला ७२ पीपीआयने ५१८४ × ३४५६ पिक्सेल होतात, तेवढे पुरतात. इमेज साइझमध्ये रीसॅम्पलची खूण काढून फक्त ७२ चा ३०० केला तर पिक्सेल तेवढेच राहतात, नुकसानही नाही आणि फायदाही नाही.

पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन नव्याने दाबलं जातं. एचडी पर्यायात कमी, पण दाबलं जातंच. क्लिपच्या खुणेतून डॉक्युमेंट निवडून तीच फाइल पाठवली तर ती जशीच्या तशी पोचते. ड्राइव्हची लिंकही चालते. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर चालू असेल तर तिथली प्रत मूळ मानू नका.

स्क्रीनशॉट काढून पाठवणं सगळ्यात महागात पडतं. ४००० × ३००० चा फोटो १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उभा धरून पाहिला तर पडद्यावर तो १०८० × ८१० एवढाच असतो. सव्वा कोटीच्या जवळपास पिक्सेलमधले पावणेनऊ लाख हाती लागतात.

मूळ हरवलं असेल तर

आधी ते शोधण्यात वेळ घालवा, दुरुस्तीत नंतर. ज्याने पहिल्यांदा फोटो काढला त्याचा फोन, जुनं मेमरी कार्ड, स्टुडिओची हार्ड डिस्क, जुन्या ईमेलची जोडणी. हाती अनेक प्रती असतील तर फाइलच्या केबीवरून निवड करू नका, फुगवलेली फाइल फसवते. सगळ्या १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून केसांच्या कडा आणि डोळ्यांच्या पापण्या पाहा; ज्यात ठोकळे कमी आणि तपशील जास्त ती घ्या.

ती प्रत १६ बिटमध्ये नेऊन टिफ करा. पहिल्यांदा फक्त रंगाचा नॉइज कमी करा, उजेडाचा अगदी थोडा. पट्टे पडलेल्या आकाशावर मास्क लावून (म्हणजे बदल फक्त तेवढ्या भागापुरता ठेवून) एक-दोन टक्के बारीक दाणा मिसळा, पट्ट्यांच्या कडा त्यात मोडतात. छपाई लहान चालणार असेल तर फोटो ५० टक्के करा: ८ पिक्सेलचा ठोकळा ४ चा होतो आणि बराचसा नजरेआड जातो. एआयने मोठा करणारी साधनं वापरताना चेहऱ्याबाबत सावध राहा. ती हरवलेला तपशील शोधून आणत नाहीत, शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून नवा रचतात, आणि आजोबांचे डोळे किंवा दात दुसऱ्याच कुणाचे होऊन बसतात. साडी, भिंत, झाडं यांवर त्याचा वापर करा आणि चेहऱ्याच्या भागावर मास्क लावून जुनेच पिक्सेल ठेवा. मग घरातल्या, त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी छापण्याआधी दाखवा.